ओटा कोणाच्या मापाचा?

दिवाळीचा फराळ संपत आला की देगलूरच्या जुन्या गावात ग्रॅनाइट कापायच्या कटरचा आवाज सुरू होतो. उन्हाळ्यात इथं कोणी स्वयंपाकघर फोडायला काढत नाही. पापड, कुरडया, शेवया, वर्षाचं तिखट हे सगळं त्याच दिवसांत व्हायचं असतं, शिवाय पाणी मोजून मिळतं. पावसाळ्यात प्लास्टर वाळत नाही. उरतात कार्तिक आणि मार्गशीर्ष. मार्गशीर्ष अमावास्येला येळवस. त्या दिवशी गाव ओस आणि शेतं भरलेली, पण भज्जी, आंबील, उंडे यांची तयारी आदल्या रात्रीपासून घरीच चालते. त्यामुळे मिस्त्रीला ‘काम कधी होईल’ विचारलं तर तो तारीख सांगत नाही, ‘येळवशीच्या आत’ म्हणतो. कोणत्या वर्षीच्या, ते विचारायचं नसतं.

यंदा आमच्या शेजारच्या घरात काम निघालं. मागच्या खोलीतला कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, भिंतीतली दोन फडताळं, सगळं जाणार. घरात सासू-सासरे, मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात. सुनेची आई उदगीरमार्गे लातूरहून आली, ती लेकीला आणि नातीला महिनाभर माहेरी न्यायला. दोन विहिणींचा संवाद रंगला तो आमच्या ओसरीवर, कारण त्यांच्या घरात टेकायला जागा नव्हती. फ्रिज बैठकीत, डबे पलंगाखाली, आणि देव आमच्या देव्हाऱ्यात मुक्कामाला. दोघींची नावं लिहीत नाही. एकीला देगलूर म्हणू, दुसरीला लातूर. मध्ये मध्ये मीही बोललो आहे. त्यांनी ते ऐकलं असेलच असं नाही.

लातूर : विहीणबाई, राग मानू नका. पण काम होईपर्यंत मी पोरीला आणि लेकराला घेऊन जाते. या धुळीत लहान जीव ठेवायचा नसतो.

देगलूर : राग कशाचा? लेकराला न्या की. उद्याच्या गाडीनं न्या. सुनेला नका नेऊ.

लातूर : (हसत, पण पुरतं नाही) म्हणजे भांडी कोण घासणार, हा प्रश्न आहे होय!

देगलूर : भांडी मी घासते. पस्तीस वर्षं घासली, अजून महिना घासीन. पण ती गेली तर ओटा माझ्या मापाचा होईल, नाहीतर माझ्या पोराच्या मापाचा. मी त्याच्यापुढं उभी राहून राहून किती राहणार? दहा-पंधरा वर्षं. तिला तीस वर्षं उभं राहायचंय. मिस्त्री ज्या दिवशी ओट्याच्या भिंती उचलेल त्या दिवशी ती इथं पाहिजे.

लातूर : फोनवर सांगेल की माप.

देगलूर : माझं कोणी विचारलं होतं? ९४ साली झाला हा ओटा. किल्लारी झाल्यावर माळवद उतरवलं, गल्लीत सगळ्यांनीच उतरवलं. मागं स्लॅब पडला. मी तेव्हा याच्या बाळंतपणाला माहेरी, बिलोलीला. लेकरू घेऊन परत आले तर ओटा तयार. मामंजींनी मिस्त्रीला सांगितलेलं, चांगला उंच कर, मुंबईसारखा. तेव्हापासून मी पाटावर उभी राहून भाकरी थापते. पाट ओट्यापुढून हललेला नाही.

यावर लातूर थोडी गप्प झाली. लातूरच्या माणसापुढं किल्लारीचं नाव काढलं की बोलणं क्षणभर थांबतंच. तो भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं माळवद, यांच्याखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर पार आमच्या कडेपर्यंत लोकांनी माळवदं उतरवून स्लॅब टाकले, आणि त्या घाईत स्वयंपाकघरंही झाली. जीव वाचवायला बांधलेल्या घरात ओट्याची उंची कोण विचारतो! तेव्हाची घाई समजण्यासारखी आहे. आता तीस वर्षांनी तोच आकडा नव्या ग्रॅनाइटवर चढवणं मात्र समजण्यासारखं नाही.

लातूर : पण धूळ, विहीणबाई, धूळ! तुम्ही काल पाहिलं नाही? कटर सुरू झाला आणि पिठाच्या डब्यावर झाकण असूनही आत करकर लागली.

देगलूर : ते खरं. कालची भाकरी दाताखाली वाजली.

लातूर : मग? ही साधी माती नाही. दगडाची पूड छातीत बसते, ती निघत नाही.

इथं लातूरचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. ग्रॅनाइट आणि टाइल्स कोरड्या कापल्या की सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. पाणी सोडत कापलं तर धूळ बरीच बसते. घरातलं लेकरू महिनाभरानं परत येईल. कटर चालवणारं पोरगं मात्र तोंडाला रुमाल बांधून वर्षभर त्यातच असतं, आणि त्याला लातूरला न्यायला कोणी येत नाही. दोघींनी मिळून त्याला ओरडून अंगणात, नळाची नळी सोडून कापायला लावलं. पहिल्या दिवसाचा एकमतानं झालेला ठराव एवढाच.

दुसऱ्या दिवशी वाद चुलीवरून पेटला, म्हणजे शेगडीवरून. स्वयंपाक त्यांच्या ओसरीवर हलला होता. देगलूरनं शेगडी जमिनीवर ठेवली, शेजारी सिलिंडर उभं केलं आणि पाट घेऊन बसल्या.

देगलूर : किती वर्षांनी बसून स्वयंपाक केला बघा. कंबर मोकळी झाली. ओटा करायचाच कशाला, असं वाटलालंय.

लातूर : अगं बाई! शेगडी खाली आणि सिलिंडर वर? आमच्या सोसायटीत गॅसवाल्यांनी येऊन बजावून सांगितलंय, शेगडी सिलिंडरपेक्षा उंच पाहिजे. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर खालीच साठतो, आणि तुमचा जाळ नेमका खालीच!

देगलूर : म्हणजे बसायचं नाही?

लातूर : चुलीपुढं बसा. गॅसपुढं उभंच राहावं लागतं.

देगलूर : परसातल्या चुलीपुढं बसते ना मी. येळवशीची भज्जी तिच्यावरच असते दर वर्षी.

लातूर : (एकदम) भज्जी चुलीवर करता? मग येळवशीच्या आत ओटा पाहिजे म्हणून त्या मिस्त्रीच्या मागं का लागलात?

देगलूर : हे त्याला सांगू नका.

शेगडी मग आमच्या जुन्या टेबलावर गेली. ओसरीवर सासऱ्यांची आरामखुर्ची असते. टेबल तिच्यापासून हातभर अंतरावर. एरवी चहा मागच्या खोलीतून तयार होऊन यायचा. आता दूध उतू जाताना दिसतं, गाळणी शोधताना दिसते, सकाळपासून पातेलं कितीदा चढलं तेही दिसतं. लातूरनं विचारलं, ‘व्याही आता चहा करायला शिकले असतील?’ देगलूर म्हणाल्या, ‘शिकले नाहीत. मागायचे कमी झाले.’ मला हा फायदा लहान वाटत नाही.

मुलाचं म्हणणं वेगळंच होतं. त्यानं मॉड्युलर किचनचा नकाशा आणला होता, कंपनीनं काढून दिलेला, रंगीत. ओटा ३४ इंच, सरळ एका पातळीत, खाली ट्रॉल्या, वर चिमणी. नकाशातल्या बाईनं हातात वाइनचा पेला धरलेला. देगलूरनं चष्मा लावून नकाशा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘यात भाकरी कुठं थापायची?’

लातूर : आमच्या फ्लॅटमध्ये हेच आहे. ३४ इंच. काही त्रास नाही.

देगलूर : भाकरी थापता त्यावर?

लातूर : भाकरीला बाई येते.

देगलूर : तिची उंची किती?

लातूर : (थांबून) ती स्टूल घेते.

हिशेब अवघड नाही. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. तिचं कोपर जमिनीपासून साधारण ३७-३८ इंचांवर येतं. चिरायचं-निवडायचं काम कोपराच्या चार-सहा इंच खाली सोयीचं, पण मळायला आणि थापायला जोर वरून खाली जावा लागतो, म्हणून पृष्ठभाग अजून खाली पाहिजे. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो. गरम पाण्यात मळून तळव्याच्या टाचेनं रगडलं नाही तर भाकरी कडेनं फाटते. ३४ इंचांवर चार फूट दहा इंचांची बाई रगडायला लागली की खांदे कानाला लागतात. त्यात शेगडी ओट्यावर ठेवायची, म्हणजे तवा आणखी चार-पाच इंच वर. कढईतलं पाहायचं तर टाचा उचलायच्या. हे माप चूक आहे असं नाही, ते दुसऱ्या कोणाचं तरी आहे.

मी त्यांना फ्रँकफुर्टची गोष्ट सांगितली. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईनं तिथल्या सरकारी घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं ठेवलं, प्रत्येक हालचालीला किती वेळ लागतो याचा विचार केला आणि १.९ मीटर बाय ३.४ मीटरमध्ये सगळं बसवलं. सुमारे दहा हजार घरांत ते गेलं. आजच्या मॉड्युलर किचनची पणजी तीच. आणि त्या बाईंनीच पुढं म्हातारपणी सांगून टाकलं, की ते आखलं तोवर आपण कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता.

देगलूर : घ्या! म्हणजे तिचीही गत आमच्या मामंजींसारखी.

लातूर : पण पावलं वाचवली ना तिनं. सिंक, शेगडी जवळजवळ. तुमच्याकडं मोरी एका टोकाला, चूल दुसऱ्या टोकाला. दिवसभर बाई येरझारा घालते.

देगलूर : ते मान्य. पण दोन मीटरच्या खोलीत बाई एकटीच मावणार. मग सासूनं कुठं बसायचं?

लातूर : बरंच की मग!

दोघीही हसल्या. सून घरात असती तर तीही हसली असती, पण ती शाळेत होती. ती तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका आहे आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच महिनाभर रजा मिळणं कठीण. तिला माहेरी न्यायचं की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली, आणि तिच्या रजेचा विषय तिसऱ्या दिवशी निघाला.

मला सगळ्यात गंमत वाटली ती भिंतीच्या भांडणाची. माझा अंदाज होता, फ्लॅटमधल्या बाई भिंत पाडा म्हणतील आणि गावच्या बाई राहू द्या म्हणतील. झालं उलटं.

देगलूर : मधली भिंत काढायची. सगळी.

लातूर : ओपन किचन? कशाला हौस करता, विहीणबाई? माझं आहे ना तसं. फोडणी घातली की सोफ्याला वास. पाहुणे आले की सिंकमधली भांडी आधी दिसतात. जरा दमलं, डोळे पुसावेसे वाटले, तर आडोसा नाही. मला विचाराल तर मी भिंत बांधून घेईन.

देगलूर : तुम्हाला आडोसा पाहिजे, कारण तुम्ही उजेडात राहिल्यात. मी पस्तीस वर्षं आत आहे. बाहेर सगळे हसतात, मला नुसतं हसणं ऐकू येतं, गोष्ट ऐकू येत नाही. भाकऱ्या करून बाहेर यावं तर गोष्ट संपलेली. पोराच्या लग्नाची पहिली बोलणी तुमच्या-आमच्यात बैठकीत झाली, तेव्हा मी आत पुरण वाटत होते. काय ठरलं ते मला रात्री कळलं.

लातूर : (हळू) मलाही घरी गेल्यावरच कळलं होतं. मी तुमच्या आतल्या खोलीत साडी बदलत होते.

देगलूर : मग भिंत कोणाच्या सोयीची?

लातूर : सोयीची नसेल, पण ती वजन उचलते का ते आधी पाहा. आम्ही १९९३ जवळून पाहिलंय. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय भिंतीला छिन्नी लावू देणार नाही मी.

मिस्त्री कोपऱ्यात चहा पीत होता. तो बिच्कुंद्याचा. १९५६ पर्यंत बिच्कुंदा आणि जुक्कल ही मंडळं देगलूर तालुक्यातच होती. राज्यपुनर्रचनेत ती आंध्रात गेली आणि आता तेलंगणातल्या कामारेड्डी जिल्ह्यात आहेत. लेबरशी तो तेलुगूत बोलतो, टाइल्सच्या दुकानदाराशी उर्दूत आणि आमच्याशी आमच्या बोलीत. तो म्हणाला, ‘अम्मा, स्लॅब ह्याच भिंतीवर बसलाय. काढा म्हणलालाव तर काढतो. पर मग मी तिच्याखाली जेवायला बसणार नाही.’

इंजिनिअर आले, त्यांनी तेच सांगितलं, फक्त फी घेऊन. भिंत राहिली. तिच्यात चार फुटांची खिडकी काढायची, वर लिंटेल घालायचं, असं ठरलं. देगलूरला ऐकू येईल आणि लातूरच्या म्हणण्याप्रमाणे भांडी दिसणार नाहीत. दोघींचं निम्मं निम्मं झालं, आणि दोघीही नाराज राहिल्या.

फरशीवरून झालेली चर्चा थोडक्यात सांगतो. लातूरला पांढरी चकचकीत टाइल हवी, देगलूरला शहाबादी तीच ठेवायची. ‘होट्टलच्या देवळाला नऊशे वर्षं झाली, तिथं कोणी ग्राउट भरायला गेलं होतं का?’ हा त्यांचा युक्तिवाद. शहाबादी पायाला गार लागते, ओल्यात पाय घसरत नाही. पण ती चुनखडकाची. लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडलं की आम्लानं पांढरट डाग पडतो आणि तो घासून जात नाही. कडप्पाही त्याच जातीचा. चिंचेशिवाय आमचं वरण होत नाही, त्यामुळे या दोन्ही दगडांवर आमच्या जेवणाचा इतिहास कायमचा उमटलेला असतो. ग्रॅनाइटला चिंचेचं काही वाटत नाही, म्हणून ओट्याला ग्रॅनाइट यावर कोणाचं दुमत नव्हतं.

दगडांच्या गावांची यादी केली तर निजामाचा जुना नकाशाच समोर येतो. शहाबाद गुलबर्ग्याकडचं, तांडूर हैदराबादच्या वाटेवरचं, तपकिरी ग्रॅनाइट करीमनगरचा. देगलूरसकट हे सगळं १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होतं. कडप्पा तेवढा १८०० सालीच निजामानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलेला. आता तीन राज्यं झाली, दगड मात्र अजून त्याच वाटांनी येतात, ट्रकमध्ये. शेवटी फरशी उपटून, पलटून, पॉलिश करून तीच बसवायची असं ठरलं. पैसे वाचतील असं मुलाला वाटलं. पलटून बसवायची मजुरी ऐकल्यावर वाटेनासं झालं.

पाण्यावरून मात्र लातूर कोणाचं ऐकत नाही. ओट्याच्या सिमेंटकामाला किमान सात दिवस पाणी मारायचं असतं. बिगाऱ्यानं सकाळी नळी सोडली आणि तो विडी ओढायला गेला.

लातूर : बंद करा आधी ते! विहीणबाई, पाणी अंगणातून रस्त्यावर चाललंय.

देगलूर : कार्तिकात विहिरीला पाणी आहे की.

लातूर : आम्हालाही वाटायचं, आहे की. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर फोटो काढायला गेले होते. मी गेले नाही, मला लाज वाटली. तेव्हापासून तांदूळ धुतलेलं पाणीही मी फेकलेलं नाही. बारदान आणा.

बारदानाची रिकामी पोती भिजवून सिमेंटवर अंथरली की ओल तासन्‌तास टिकते आणि दोन बादल्यांत दिवस निघतो. मिस्त्रीला हे माहीत असतं, पण पोती उचलायची-भिजवायची कोणी म्हणून तो नळी सोडतो. लातूरनं निघेपर्यंत स्वतः पोती भिजवली, पदर खोचून, व्याह्यांच्या अंगणात. आमच्याकडं विहिणीनं असं काम करणं शोभत नाही म्हणतात. देगलूरनं दोनदा अडवलं, तिसऱ्यांदा स्वतः दुसरं टोक धरलं.

ओट्याच्या उंचीचा निकाल लागला तो शनिवारी, सुनेची शाळा सकाळची होती म्हणून. युक्ती मिस्त्रीचीच. त्यानं भिंतीलगत कोरड्या विटा रचल्या. आडवी वीट तीन इंचांची, त्यामुळे थर वाढवत गेलं की २७, ३०, ३३ असे आकडे आपोआप येतात. वर एक फळी, तिच्यावर काटवट. ‘आता थापा, आणि बोला,’ तो म्हणाला.

सुनेनं चपला काढल्या, ओढणी बांधली, गरम पाण्यात पीठ भिजवलं आणि २७ वर सुरुवात केली. दुसऱ्या भाकरीला कंबर वाकली. ३३ वर गेली तर मनगट दुखायला लागलं आणि भाकरी एका कडेनं जाड राहिली. ३० वर थापली ती गोल झाली, आणि थापताना ती आमच्याकडं बघून बोलत होती. म्हणजे हाताला विचार करावा लागत नव्हता. मग देगलूर उभ्या राहिल्या, पाटाशिवाय. त्यांना २७ बरं वाटलं, पण ३० चालेल म्हणाल्या. लातूरलाही हात लावायचा मोह आवरला नाही. वीस वर्षांनी भाकरी थापली. ती तव्यावर टाकताना तुटली.

लातूर : पिठाचा दोष आहे.

देगलूर : असेल. चक्की जुनी झालीय आमची.

मुलाचा आक्षेप उरला होता : कंपनीच्या ट्रॉल्या ३४ इंचांच्या ओट्यासाठी असतात, ३० च्या खाली बसत नाहीत, आणि दोन पातळ्या केल्या तर ग्रॅनाइटला जोड येईल, तो दिसेल. सून पीठ लागलेल्या हातांनीच म्हणाली, ‘दिसू दे. शेगडी आणि भाकरीची बाजू ३०, सिंक आणि चिरायची बाजू ३३. ट्रॉल्या गावातल्या सुताराकडून करून घेऊ, स्टीलच्या.’ मग आईकडं वळून, ‘लेकराला तू घेऊन जा. मी दर शनिवारी दुपारी येते, रविवारी संध्याकाळी परत. काम होईपर्यंत.’ दोन दिवस ज्यावर दोन विहिणी बोलल्या, ते तिनं दोन वाक्यांत संपवलं. हे आधीच तिला विचारता आलं असतं, असं माझ्या मनात आलं. मी बोललो नाही, कारण मीही विचारलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर लातूरचं धुळीबद्दलचं, गॅसबद्दलचं, भिंतीबद्दलचं आणि पाण्याबद्दलचं बोलणं बरोबर होतं. देगलूरचं एकच बरोबर होतं, जी रांधणार तिनं माप द्यायच्या दिवशी हजर असलं पाहिजे. हिशेबात चार विरुद्ध एक होतं. तरी चाळीस वर्षं टिकणाऱ्या दगडाच्या बाबतीत मी देगलूरच्या बाजूचा आहे, कारण धूळ झाडता येते, शेगडी उचलून टेबलावर ठेवता येते, बसवलेला ओटा मात्र कोणी चार इंचांसाठी फोडत नाही. बायका त्याच्यापुढं पाट ठेवतात.

तुमच्याकडं काम निघणार असेल तर कंपनीच्या नकाशावर सही करण्याआधी मिस्त्रीकडून विटा रचून घ्या आणि घरात जो कोणी स्वयंपाक करतो, बाई असो की पुरुष, त्याला पीठ घेऊन त्यापुढं उभं करा. दोन भाकऱ्यांचा वेळ लागतो. खर्च काही नाही, विटा नंतर भिंतीत जातातच.